आडवाटेवरचें गाडगें

आमच्या घरांत एखादी नवी वस्तु आली, कीं प्रथम वडील मंडळींची तिच्यावर नजर फिरते, मग तिच्या किंमतीची चर्चा होते, व महिन्या-दोन महिन्यांत ती माळ्यावर जाते. गेल्या दिवाळींत आमच्या थोरल्या बंधूंच्या नातवानें आणलेलें यंत्र मात्र अद्याप माळ्यावर गेलेलें नाहीं. एका लांब दांड्याच्या टोकाशीं ताटाएवढें चक्र, वर मूठ, मुठीपाशीं आंकडे दाखविणारी लहानशी पाटी, व कानांवर बसवावयाच्या दोन टोप्या, असें त्याचें रूप आहे. वहिनींस तें प्रथम जळमटें काढण्याचें साधन वाटलें. किंमत ऐकल्यावर त्या कांहीं न बोलतां जपास बसल्या. हें धातुशोधक यंत्र होय. जमिनीपासून दोन बोटांवर धरून तें हलकें हलकें फिरवीत नेलें, कीं खालीं वीतभर मातींत दडलेल्या धातूची वर्दी तें कानांत देतें.

त्याची हकीकत आम्ही या सदरांत देत आहों, ती केवळ नवलाची म्हणून नव्हे. या यंत्रापायीं यंदा फाल्गुनांत आमच्या घरीं जो वाद माजला, तो ज्यांच्या मूळगांवीं अद्याप जुना वाडा, परसूं किंवा डोंगरकडेचें शेत आहे अशा आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं आज ना उद्यां उपस्थित होण्याजोगा आहे. शिवाय त्या वादांत आमचाही एक जुना अपराध बाहेर आला. तो झांकून ठेवून दुसऱ्यांस उपदेश करणें आम्हांस बरें वाटत नाहीं.

यंत्राचें मर्म थोडक्यांत असें. चक्रांत तांब्याच्या तारेचीं वेटोळीं असतात. त्यांतून वेगानें उलटसुलट होणारा विद्युत्प्रवाह सोडला, कीं भोंवतालीं तसेंच बदलतें चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. तें जमिनींतील धातूस भिडलें, म्हणजे त्या धातूंतही प्रवाहाचे लहान लहान भोंवरे उठतात, व त्यांचें क्षेत्र उलट वर येऊन यंत्रास जाणवतें. टेलिफोनचे जनक ग्रॅहॅम बेल यांनीं १८८१ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरांत रुतलेली बंदुकीची गोळी हुडकण्यासाठीं याच तत्त्वावरचें साधन योजिलें होतें. गोळी कांहीं सांपडली नाहीं, व बिछान्यांतील पोलादी तारांनीं यंत्रास चकविलें असें सांगतात. पुढें दुसऱ्या महायुद्धांत भूसुरुंग शोधण्याच्या कामीं त्याचा मोठा उपयोग झाला. आतां तें हौशी तरुणांच्या हातीं आलें आहे.

मावळची भूमि या यंत्रास फार छळते. आपल्या काळ्या दगडांतच लोहाचें चुंबकी खनिज मिसळलेलें असतें, त्यामुळें कित्येक ठिकाणीं नुसता धोंडाही नाण्याचें सोंग घेऊन ओरडतो. पहिल्या तीन रविवारीं आमच्या नातवानें घरीं आणलेली संपत्ति म्हणजे बाटल्यांचीं झांकणें, सिगारेटच्या पाकिटांतील चांदी, एक मोडका विळा व बैलाच्या खुरांस मारतात त्या पत्र्यांपैकीं दोन गंजलेल्या पत्र्या. आमच्या बंधूंनीं त्यास "आमचा झारेकरी" असें नांव ठेविलें. सोनाराच्या दुकानासमोरील धूळ व नदीची वाळू चाळून सोन्यारुप्याचे कण वेंचणारे झारेकरी आमच्या पिढीनें ऐकून तरी माहीत केले आहेत. हल्लींच्या मुलांस तो शब्दही नवा.

त्या दोन पत्र्या मात्र आम्हीं ठेवून घेतल्या. कारण जेथें बैलाची पत्री पडते, तेथून केव्हां तरी वाट जात होती हें निश्चित. आणि मावळ म्हणजे तर वाटांचाच मुलूख. कोंकणांतील बंदरांत उतरलेला माल देशावर चढविण्याच्या वाटा या सह्याद्रीच्या खांचांतून दोन हजार वर्षें चालत आल्या. कार्लें, भाजें, बेडसें हीं लेणीं अशा वाटांच्या आसऱ्यानेंच उभीं राहिलीं. कार्ल्याच्या चैत्यगृहांतील खांबांवर धेनुकाकटाच्या यवनांनीं दिलेल्या दानांचे लेख अद्याप वाचतां येतात. कुरवंड्याच्या वाटेनें कारतलबखान कोंकणांत उतरूं लागला, तेव्हां शिवाजीमहाराजांनीं १६६१ च्या फेब्रुवारींत त्यास उंबरखिंडींत गांठलें. १७७९ च्या जानेवारींत इंग्रजांची फौज बोरघाट चढून तळेगांवापर्यंत आली, जड तोफा तेथील तळ्यांत लोटून रातोरात मागें फिरली, व वडगांवीं मराठ्यांच्या वेढ्यांत सांपडून तहास तयार झाली. घाटांतून गाड्या नेण्याजोगा रस्ता १८३० सालीं खुला झाला. लोहमार्ग १८६३ सालीं. तो लोहमार्ग बांधतांना खंडाळ्याच्या डोंगरांत हजारों मजुरांचे तळ पडले होते, व मजुरी थकल्यामुळें १८५९ सालीं तेथें मोठा दंगाही झाला. ज्या पैशासाठीं त्या लोकांनीं मुकादमाशीं भांडण केलें, त्यांतला एखादा पाव आणा कोणा गरिबाच्या कनवटीहून सुटून अजून त्या उतारावर पडलेला असेल, असा विचार आमच्या मनांत पुष्कळदां येतो.

यांतील प्रत्येक नव्या वाटेनें जुनी ओस पाडली. आगगाडी जेथें तोंड फिरवून पुढें जात असे, तें खंडाळ्याजवळचें स्थानक १९२९ सालीं सुटलें. १८३० सालचा, लोक ज्यास अमृतांजन पूल म्हणत, तो २०२० च्या एप्रिलमध्यें सुरुंगानें पाडण्यांत आला. ओस वाटेवर कोणी घर बांधीत नाहीं, नांगरही क्वचित् फिरतो. म्हणून तेथें पडलेली वस्तु पडल्या जागींच राहते. हौशी लोकांचा ओढा अशा वाटांकडे असतो तो यामुळेंच.

आतां मूळ गोष्ट. फाल्गुनांतील एका रविवारीं संध्याकाळीं नातू घरीं आला, तो हातपाय न धुतांच थेट माजघरांत. बिस्किटांच्या डब्यांतून त्यानें एकोणीस शिवराया काढून पाटावर मांडल्या. कुरवंड्याच्या बाजूस उतरणाऱ्या एका जुन्या पाऊलवाटेलगत, एका शेताच्या बांधांत, यंत्रानें एकाच जागीं सारखा घोष केला. तेथें कोपरभर उकरल्यावर एक फुटकें गाडगें लागलें व त्यांत हीं नाणीं. (नक्की ठिकाण आम्ही मुद्दामच छापीत नाहीं. या अंकाबरोबर चार कुदळीही तेथें पोंचाव्या, अशी आमची इच्छा नाहीं.)

"आजोबा, उंबरखिंडीच्या लढाईंतलीं आहेत हीं!" तो म्हणाला.

आम्हीं त्यास विचारलें, "लढाई केव्हां झाली? महाराजांस राज्याभिषेक केव्हां झाला? आणि नाण्यावर काय लिहिलें आहे?" एका बाजूस श्री राजा शिव व दुसऱ्या बाजूस छत्रपति, हीं अक्षरें १६७४ पूर्वीं उमटणें शक्यच नाहीं. शिवाय शिवराई ही पुढें पुष्कळ वर्षें निरनिराळ्या टांकसाळींतून पडत राहिली व एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बाजारांत चालली. त्या एकोणिसांतच कोठें शिव तर कोठें सिव, कोठें पति तर कोठें पती. ज्या चुकांवर आम्हीं उभा जन्म तांबडी रेघ ओढली, त्या तांब्यांत कायमच्या ठसलेल्या पाहून आमचें हंसें आवरेना. तात्पर्य, एकटी शिवराई आपलें वय स्पष्ट सांगत नाहीं. तिच्या शेजारीं काय होतें, तें पाहावें लागतें.

"गाडग्यांत दुसरें कांहीं नव्हतें?" आम्हीं विचारलें.

"तसें कांहीं नाहीं. एक कंपनीचा पाव आणा होता. तो शंभराला मिळतो बाजारांत, म्हणून खिशांत टाकला."

तो पाव आणा आम्हीं मागून घेतला. त्यावर १८३५ हें साल स्वच्छ होतें. म्हणजे सर्वांत कमी मोलाच्या त्या एका नाण्यानेंच सगळ्या गाडग्याची साक्ष दिली: तें १८३५ पूर्वीं पुरलेलें नव्हे. घाटांतला गाडीरस्ता खुला होऊन पांच वर्षें उलटल्यावरही कोणी तरी या अवघड पाऊलवाटेनें पैसे घेऊन जात होता. कां जात होता? तो पाव आणा नातवाच्या खिशांतून बाजारांत गेला असता, तर हा प्रश्नच उत्पन्न झाला नसता. हौशी लोकांच्या हातून हानि होते ती अशी. चोरी करावी असा त्यांचा हेतु नसतो. चकाकतें तें घ्यावें व बाकीचें टाकावें, एवढेंच ते करतात, आणि गोष्ट सांगणारें असतें तें नेमकें त्या टाकलेल्यांत.

जोगळटेंभीचें उदाहरण येथें सांगितलें पाहिजे. ज्या नहपान क्षत्रपाच्या जांवयाचा दानलेख आमच्या कार्ल्याच्या लेण्यांत आहे, त्याचीं तेरा हजारांहून अधिक रुप्याचीं नाणीं १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी येथें एकत्र सांपडलीं. त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हां मारलेला होता. सातवाहनानें क्षत्रपाचें राज्य जिंकून त्याचेंच चलन आपल्या नांवानें चालविलें, याचा एवढा ढळढळीत पुरावा दुसरा नाहीं. तीं नाणीं मूठ-मूठ करून शंभर घरांत गेलीं असतीं, तर प्रत्येक घरीं रुप्याचें एक नाणें राहिलें असतें, व इतिहास कोणाच्याच घरीं राहिला नसता.

दुसरे दिवशीं सकाळीं आम्ही स्नान करून येतों तों वहिनींनीं तीन शिवराया चिंच व मीठ लावून लखलखीत केल्या होत्या. त्यांचा हेतु चांगला होता. देव्हाऱ्यांत ठेवावयाचें तांबें मळकें कसें ठेवावें? परंतु त्यांत नाण्यावरील हिरवट थर गेला, व थराबरोबर झिजलेल्या अक्षरांच्या कडाही गेल्या. आमच्या वाचकभगिनींस हात जोडून विनंती आहे, कीं जुनें नाणें घांसूं नये. चिंच नको, राख नको, लिंबू तर नकोच. माती फार असेल तर स्वच्छ पाण्यांत भिजवून मऊ फडक्यानें टिपावी, आणि कागदाच्या घडींत वेगवेगळें ठेवावें.

मग घरांत पक्ष पडले. वहिनींचें म्हणणें, लक्ष्मी चालून आली आहे, ती दाराबाहेर घालवूं नये. नातवानें पुण्याच्या कोणा व्यापाऱ्यास मोबाइलवर छायाचित्रें धाडलीं होतीं व भावही आला होता. बंधूंचें मत, कचेरीच्या पायऱ्या झिजविण्यापेक्षां गप्प बसावें. त्यांनीं याज्ञवल्क्यस्मृति काढून, विद्वान् ब्राह्मणास निधि सांपडल्यास तो त्यानें सर्वच घ्यावा, हें वचन मोठ्यानें वाचून दाखविलें, तेव्हां वहिनी स्वयंपाकघरांतून बाहेर आल्या. आम्हीं त्यांच्या हातून पोथी घेऊन त्याच प्रकरणांतील पुढचें वाचलें: निधि सांपडूनही जो राजास कळवीत नाहीं व मागाहून उघडा पडतो, त्याच्याकडून निधि तर घ्यावाच, वर दंडही करावा. आणि नातवाच्या विद्वत्तेविषयीं म्हणाल, तर त्याच्या मातोश्रींसच शंका आहे.

चालू कायदाही याहून फारसा निराळा नाहीं, फक्त त्यांत विद्वान् व अविद्वान् हा भेद नाहीं. १८७८ सालच्या निखात निधीच्या कायद्यान्वयें जमिनींत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तु सांपडल्यास कलेक्टरास लेखी कळवावें लागतें. न कळविल्यास हिस्सा जातो, व एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊं शकतात. निधीस धनी नाहीं असें ठरल्यास, व जमीनमालकाशीं निराळा करार नसल्यास, तीन हिस्से शोधणाऱ्याचे व एक हिस्सा जमीनमालकाचा. १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांवरील नाणें हें पुरावस्तु ठरतें. परवान्यावांचून त्याचा व्यापार करतां येत नाहीं, व खाजगी माणसास तें देशाबाहेर नेतां येत नाहीं. कार्लें, भाजें, बेडसें, लोहगड, विसापूर हीं संरक्षित स्थळें आहेत. तेथें परवानगीवांचून खणणें हा गुन्हाच आहे. लोहगड तर २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादींत आहे. राखीव वनाच्या जमिनींतही कुदळ घालतां येत नाहीं. म्हणजे मावळांतील ज्या जागा यंत्रवाल्यांस मोह घालतात, त्यांतील पुष्कळ आधींच बंद आहेत.

एक गोष्ट मात्र आम्ही स्पष्ट बोलतों. सरकारास निधि ठेवून घ्यावयाचा असल्यास धातूची किंमत व तिच्यावर एकपंचमांश एवढेंच देण्याची त्या जुन्या कायद्यांत तरतूद आहे. एकोणीस शिवराया म्हणजे सुमारें पाव किलो तांबें. मोडीच्या भावानें प्रामाणिकपणा विकत घेऊं पाहणारा कायदा लोकांस लपविण्यास शिकवितो, हें आमच्या नातवाचें म्हणणें आम्हांस खोडून काढतां आलें नाहीं. इंग्लंडांत १९९६ सालीं कायदा सुधारून बाजारभावानें मोबदला देण्याची रीत ठेविली, व १९९७ पासून हौशी शोधकांनीं आपण होऊन दाखविलेल्या वस्तूंची नोंद सुरू झाली. ती आज दहा लाखांवर गेली आहे. तसें येथेंही व्हावें. पण तें होईपर्यंत आपण गाडगें फोडीत बसावें, असा त्याचा अर्थ होत नाहीं.

वादाच्या भरांत नातू शेवटीं म्हणाला, "आजोबा, तुमच्या कपाटांतही एक नाणें आहे. त्याचें काय?"

तें खरें होतें. १९८४ सालीं आम्ही मावळांतील एका शाळेंत संस्कृत व मराठी शिकवीत असतां डोंगरावरील वाडींतून चालत येणाऱ्या एका मुलानें चौकोनी, कोपरे कापलेलें, रुप्याचें एक लहान नाणें आम्हांस आणून दिलें. "गुरुजी, वाटंत घावलं," एवढेंच तो बोलला. त्यावर सूर्याचें व आणखी कांहीं चिन्हांचे ठसे होते. तें आहत नाणें, म्हणजे ज्यास ग्रंथांत कार्षापण म्हणतात तें. आम्हांस इतका हर्ष झाला, कीं वर्गांत फळ्यावर कार्षापण या शब्दाची व्युत्पत्ति लिहून आम्हीं तास पुरा केला. मुलाच्या पाठीवर थाप मारली, पेन्सिल बक्षीस दिली. कोणत्या वाटेंत, कोणत्या खिंडीच्या अलीकडे कीं पलीकडे, पाण्याच्या टांक्यापाशीं कीं धारेवर, हें विचारावयाचें राहिलें. तो मुलगा दोन वर्षांनीं मुंबईस गिरणींत गेला व तेथेंच अकालीं वारला. त्या वाडीकडून कोंकणांत तीन वाटा उतरतात. त्यांतली कोणती दोन हजार वर्षांपूर्वींची, हें सांगूं शकणारें एकमेव तोंड आमच्यासमोर उभें होतें, आणि आम्हीं त्यास व्युत्पत्ति शिकविली. कळविण्याचा कायदा तेव्हांही होता. तो आम्हांस ठाऊक नव्हता, हें कारण शिक्षकाच्या तोंडीं शोभत नाहीं.

हें सर्व आम्हीं माजघरांत बसून सांगितलें, तेव्हां कोणी कांहीं बोललें नाहीं. वहिनींनीं देव्हाऱ्यांतून त्या तीन शिवराया आणून पाटावर ठेविल्या.

पुढच्या रविवारीं आम्ही, बंधु व नातू असे तिघे त्या शेतावर गेलों. शेतकरी आमच्याच एका विद्यार्थ्याचा चुलता निघाला. नातवानें त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, "गुरुजी, गाडग्याचं काय न्हाय. पण पोरानं इचारलं असतं, तर कुदळ मीच दिली असती." मग तो बांधावर बसला व त्यानें आपण होऊन सांगितलें, कीं त्याचा आजा म्हणत असे, या वाटेनें मिठाचे बैल वर चढत, वरच्या रस्त्यानें गेलें तर नाक्यावर पैसा पडे. गाडीरस्ता असतां पाऊलवाट कां चालू राहिली, याचें हें उत्तर असेलच असें नाहीं; परंतु पाव आणा, बैलाच्या पत्र्या व त्या म्हाताऱ्याचा शब्द हीं तिन्हीं एका जागीं मिळतात, एवढें खरें. नातवानें झुडपांत भिरकावलेल्या गाडग्याच्या अकरा खापऱ्या आम्हीं वेंचून घेतल्या, खड्ड्याचें अंतर बांधावरील आंब्यापासून पावलांनीं मोजलें, व वहींत नकाशा काढला.

कलेक्टरांस द्यावयाची सूचना आम्हींच आपल्या हातानें लिहिली. कायद्यानें त्यांत तीन गोष्टी मागितल्या आहेत: वस्तु काय व किती मोलाची, कोठें सांपडली, कोणत्या दिवशीं सांपडली. तीन शिवराया चिंचेनें घांसल्या गेल्या, हें आम्हीं न विचारतां चौथें लिहिलें. शेतकऱ्याचें नांव त्याच्या संमतीनें घातलें. एकोणीस शिवराया, पाव आणा व खापऱ्या सरकारजमा होऊन पावती मिळाली आहे. निकाल अद्याप यावयाचा आहे.

त्याच सूचनेस जोडून आमच्या कार्षापणाचीही स्वतंत्र सूचना आम्हीं दिली. वस्तूचें वर्णन लिहिलें, साल लिहिलें. ठिकाणाच्या रकान्यापाशीं लेखणी बराच वेळ थांबली. नातू शेजारीं उभा होता. तेथें आम्हीं लिहिलें: "विचारलें नाहीं."